उच्चारलेल्या शब्दाचा भाव

मार्चअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत अमेरिकेच्या घराघरांत बेसबॉलचे धावते समालोचन चालू असते. प्रमुख संघटनेचे तीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने, म्हणजे एका मोसमात अंतिम फेऱ्या सोडून एकंदर २,४३० सामने होतात. गेल्या एक-दोन वर्षांत ह्या समालोचनाभोवती एक नवा बाजार उभा राहिला आहे. सामना कोण जिंकणार ह्यावरच्या पैजा तेथे जुन्याच आहेत. नव्या बाजारात सौदा होतो तो समालोचकाच्या तोंडून अमुक एक शब्द बाहेर पडेल की नाही, ह्यावर. एखाद्या जुन्या खेळाडूचे नाव, एखादा ठरीव वाक्प्रचार, पावसाचा किंवा पंचाच्या चुकीचा उल्लेख, असे काहीही ह्या सौद्याचा विषय होऊ शकते. ‘कालशी’ आणि ‘पॉलीमार्केट’ ह्या दोन कंपन्या अशा बाजारांत अग्रभागी आहेत. आणि ह्या व्यवहाराला जुगार म्हटलेले त्यांना मुळीच खपत नाही. ‘भाकितांचा बाजार’ हे त्यांचे आवडते नाव आहे.

ह्या बाजाराची रचना साधी आहे. प्रत्येक करार एक डॉलरचा. शब्द उच्चारला गेला तर ‘होकार’ घेणाऱ्यास एक डॉलर मिळतो, ‘नकार’ घेणाऱ्याच्या हाती शून्य येते; शब्द उच्चारला गेला नाही तर उलट. होकाराचा भाव ४० सेंट असेल तर नकाराचा साधारणपणे ६० सेंट असतो, आणि त्यावरून तो शब्द येण्याची शक्यता शेकडा ४० आहे, असा अर्थ काढला जातो. सामना चालू असताना हे भाव क्षणोक्षणी वरखाली होतात. शब्दाचे अनेकवचन धरायचे की नाही, जोडशब्दात आला तर मोजायचा की नाही, ह्याचेही नियम ठरलेले असतात. न्यायालयात एखाद्या कलमातील शब्दाचा जेवढा कीस काढला जात नसेल, तेवढा ह्या बाजारात समालोचकाच्या सहजोद्गाराचा काढला जातो.

बेसबॉलच्या समालोचनावरच हे कलम इतके चांगले का रुजावे, ह्याचे कारण त्या खेळाच्या गतीत आहे. क्रिकेटप्रमाणेच हा खेळ थांबत थांबत चालतो. दोन चेंडूंच्या मधला वेळ समालोचकाला बोलण्याने भरून काढावा लागतो. ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या ‘केडीकेए’ ह्या नभोवाणी केंद्रावरून हॅरोल्ड आर्लिन ह्यांनी पहिल्यांदा एका व्यावसायिक सामन्याचे वर्णन ऐकवले, तेव्हापासून ही एक स्वतंत्र वाणीकला म्हणून वाढत गेली. डॉजर्स संघाचे समालोचक व्हिन स्कली ह्यांनी १९५० पासून २०१६ पर्यंत, म्हणजे सलग ६७ मोसम, ही सेवा केली. सामन्याचे वर्णन करता करता खेळाडूंच्या गोष्टी सांगणे, आणि योग्य क्षणी गप्प राहून प्रेक्षकांचा घोष श्रोत्यांपर्यंत पोहोचू देणे, ही त्यांची ख्याती होती. म्हणजे काय बोलावे ह्याइतकेच काय बोलू नये, हेही समालोचकाच्या मर्जीवर आणि विवेकावर सोपवलेले असते. नेमक्या ह्याच मर्जीला आता भाव फुटला आहे.

ह्या बाजारांच्या बाजूने एक तात्त्विक भूमिका मांडली जाते. ती उथळ नाही, म्हणून तिचा विचार केला पाहिजे. १९४५ साली फ्रीड्रिख हायेक ह्यांनी असे प्रतिपादन केले की, समाजातील ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते, ते एका कचेरीत गोळा करता येत नाही, आणि बाजारातील किंमत हीच त्या विखुरलेल्या ज्ञानाची बेरीज असते. ह्याच सूत्रावर १९८८ साली आयोवा विद्यापीठातील अध्यापकांनी अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालावर एक छोटा प्रायोगिक बाजार सुरू केला. त्यात गुंतवणुकीची मर्यादा ५०० डॉलरची होती आणि हेतू संशोधनाचा होता. २००८ साली केनेथ ॲरो ह्यांच्यासह अनेक नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी अशा बाजारांना कायद्याने मोकळीक द्यावी अशी शिफारस केली. मात्र तीही लहान रकमांच्या बाजारांपुरती होती, हे आजचे समर्थक सोयीस्करपणे विसरतात.

वायदेबाजाराची मूळ कल्पनाही टाकाऊ नव्हती. १८४८ साली शिकागोत धान्याच्या व्यापाराचे मंडळ स्थापन झाले, आणि पुढे तेथे जे वायदे होऊ लागले त्यांचे समर्थन एकाच आधारावर होई: पीक हाती येण्यापूर्वी भाव कोसळला तर काय, ही शेतकऱ्याची चिंता खरी असते, आणि ती जोखीम दुसरा कोणी पैसे घेऊन पत्करत असेल तर त्यात समाजाचे काही हित आहे. ह्या वायद्यांतही सटोडिये शिरले आणि त्यांनी वेळोवेळी धुमाकूळ घातला. शिकागोच्या बाजारात दोघा व्यापाऱ्यांनी कांद्याचा जवळजवळ सारा साठा कब्जात घेऊन भाव हवे तसे नाचवले, तेव्हा १९५८ साली अमेरिकी काँग्रेसला कांद्याचे वायदे कायद्याने बंद करावे लागले. २०१० साली चित्रपटांच्या उत्पन्नावरील वायद्यांनाही अशीच बंदी झाली. जो चित्रपट काढतो त्याच्याच हाती त्या वायद्याचा निकाल थोडाफार असतो, ही तेव्हाची एक प्रमुख हरकत होती. मुक्त बाजाराच्या माहेरघरीसुद्धा प्रत्येक गोष्टीचा वायदा होऊ नये, एवढे शहाणपण एकेकाळी होते.

आता हीच कसोटी समालोचकाच्या शब्दाला लावून पाहावी. सातव्या डावात समालोचकाने ‘पाऊस’ म्हटले नाही तर कोणत्या शेतकऱ्याचे, कोणत्या कारखान्याचे, कोणत्या कामगाराचे नुकसान होते? कोणाचेच नाही. जी जोखीम कोणाच्याही जीवनात आधीपासून नव्हती, ती येथे केवळ पैज लावण्यासाठी निर्माण केली जाते. तीच गोष्ट ज्ञानाची. निवडणुकीचा किंवा दुष्काळाचा अंदाज महिनाभर आधी मिळाला तर त्याचा काही उपयोग तरी होतो. समालोचक तासाभरात काय बोलणार, हे आधी कळून कोणाचे काय भले होणार आहे? तासाभराने ते सर्वांना फुकट ऐकू येणारच असते. हायेक ह्यांच्या सिद्धांताशी कोणाचा कितीही मतभेद असो, त्यांच्या डोळ्यांसमोर कथिलासारख्या मालाच्या किमती होत्या. बेसबॉलच्या बडबडीचे भाव नव्हते.

ह्याहून गंभीर मुद्दा असा की, येथे भाकीत ज्याच्याविषयी करायचे तोच त्या भाकिताचा निकाल लावणारा असतो. ह्याचे प्रात्यक्षिक ३० ऑक्टोबर २०२५ रोजी जगाला पाहायला मिळाले. ‘कॉइनबेस’ ह्या आभासी चलनाच्या कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग भागधारकांसमोर तिमाही हिशेब मांडत होते. त्या बैठकीत कोणते शब्द उच्चारले जातील ह्यावर सौदे लागले होते, आणि ते त्यांना ठाऊक होते. बैठक संपता संपता त्यांनी ‘बिटकॉइन, इथेरियम, ब्लॉकचेन, स्टेकिंग, वेब थ्री’ असे पाच शब्द एका दमात म्हणून टाकले आणि अनेकांचे सौदे निकालात काढले. पुष्कळांना ही थट्टा वाटली. परंतु थट्टेत का होईना, त्यांनी ह्या बाजाराचे मर्म उघड करून दाखवले. शेकडा अमुक इतकी शक्यता म्हणून जो आकडा पडद्यावर झळकत होता, तो एका माणसाच्या लहरीपुढे कवडीमोल ठरला.

एका धनाढ्य कंपनीच्या प्रमुखाने केलेली थट्टा उद्या एखाद्या गरजू समालोचकाकडून थट्टा म्हणून होणार नाही. प्रमुख संघांच्या नामांकित समालोचकांना मोठी वेतने मिळत असतील. परंतु लहान गावांच्या दुय्यम संघांचे समालोचन करणारे, मोसमापुरत्या करारावर राबणारे, आणि पडद्यामागे त्यांना आकडे व टिपणे पुरवणारे सहायक हे सामान्य नोकरदार आहेत. समालोचकाच्या कानाशी कोणती माहिती जायची, हे ह्या सहायकांना आधी कळते. एक शब्द बोलण्याला काही खर्च येत नाही. त्यामुळे सामना हरवला जात नाही, खेळाचा कोणता नियमही मोडत नाही. मग मोहाला अटकाव कशाचा?

खेळाडूंच्या बाबतीत हा मोह कोठवर नेतो, ह्याचा धडा बेसबॉलला नव्याने मिळाला आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलंड गार्डियन्स संघाच्या दोन पिचरवर न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात आरोपपत्र दाखल झाले. एकेका चेंडूवर लावलेल्या पैजा जिंकता याव्यात म्हणून त्यांनी सटोडियांना आधी सूचना देऊन ठरवून चेंडू टाकले, असा हा आरोप आहे. दोघांनीही तो नाकारला आहे. खरेखोटे न्यायालय ठरवील. परंतु संघटनेने लगेच मान्यताप्राप्त पैजकंपन्यांशी बोलून एका चेंडूवरील पैजेची मर्यादा २०० डॉलरवर आणली. जो निकाल एकट्या माणसाच्या हाती आणि एका क्षणाचा असतो तो विकत घेणे सर्वांत सोपे, ही त्यामागची कबुली आहे. १९१९ च्या कुप्रसिद्ध मालिकेसाठी शिकागोच्या अनेक खेळाडूंना गाठावे लागले होते. चेंडूसाठी एक पिचर पुरतो. शब्दासाठी तर चेंडूही लागत नाही. वेड्यावाकड्या चेंडूची चित्रफीत राहते, तिचे परीक्षण करता येते. जुन्या खेळाडूची आठवण समालोचकाला सहज झाली की कोणी करून दिली, हे कोणती चित्रफीत सांगणार?

खरी हानी येथेच आहे, आणि ती प्रामाणिक माणसाच्या वाट्याला येते. ज्या समालोचकाला कोणी लाच देऊ केलेली नाही, त्याच्याही प्रत्येक वाक्यामागे आता संशयाची सावली उभी राहील. बोलला तर नकारवाले हरले, बोलला नाही तर होकारवाले हरले. मौनाचीसुद्धा किंमत कोणाला तरी मोजावी लागणार. हरलेल्या माणसाचा संताप कोणावर निघतो, हेही दिसून आले आहे. २०२५ च्या मे महिन्यात ह्यूस्टन ॲस्ट्रोजचा पिचर लान्स मॅकलर्स वाईट खेळला, तेव्हा त्याच्या लहान मुलांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. धमकी देणारा परदेशातला एक पैज हरलेला इसम निघाला. समालोचकाचा चेहरा आणि आवाज तर रोज घरोघरी पोहोचत असतो. अशा परिस्थितीत तो शब्द तोलून मापून वापरू लागेल. पण ते तोलणे सत्यासाठी किंवा रसिकतेसाठी नसेल, बाजाराच्या धास्तीने असेल. कार्ल पोलान्यी ह्यांनी १९४४ साली असे दाखवून दिले की, जमीन, श्रम आणि पैसा ह्या विक्रीसाठी निर्माण न झालेल्या गोष्टींना बाजाराने विक्रेय वस्तू मानले आणि त्यातून समाजाचे अपरिमित नुकसान झाले. त्या यादीत आता माणसाच्या सहज बोलण्याची भर पडत आहे.

मग ह्या बाजारात लाभ कोणाचा? हिशेब अवघड नाही. होकाराचे ४० आणि नकाराचे ६० मिळून एक डॉलर जमा होतो, आणि तोच एक डॉलर जिंकणाऱ्यास मिळतो. नवी संपत्ती एका सेंटचीही निर्माण होत नाही. त्यातून बाजार चालवणारी कंपनी सौद्यावर शुल्क घेते, तेव्हा सौदे करणाऱ्या सर्वांचा एकत्रित हिशेब तोट्याचाच असणार, हे गणिताने सिद्ध आहे. वैयक्तिक नफा जो होईल तो कोणाच्या तरी खिशातून. समोर बसलेले खेळाडूही समबळ नाहीत. २०२४ पासून ‘सस्क्वेहाना’सारखी मुरलेली सौदेबाज संस्था कालशीच्या बाजारात सतत भाव लावण्यासाठी उतरली, कंपनीशी संलग्न असलेली एक संस्थाही त्याच बाजारात व्यवहार करते. एका बाजूला गणितज्ञांची फौज आणि वेगवान संगणक, दुसऱ्या बाजूला दिवसभर राबून संध्याकाळी सामना पाहणारा पगारदार. आणि ह्याला नाव काय, तर ‘लोकांच्या शहाणपणाचा बाजार’! ह्या व्यवसायाची मातब्बरी किती वाढली ते पाहावे: २०२५ च्या डिसेंबरात कालशीचे मूल्य १,१०० कोटी डॉलर धरून तिच्यात भांडवल ओतण्यात आले, आणि त्याच्या दोनच महिने आधी न्यूयॉर्क शेअरबाजाराच्या मालक कंपनीने पॉलीमार्केटमध्ये २०० कोटी डॉलरपर्यंत गुंतवण्याचे जाहीर केले.

एवढा पसारा कायद्याच्या डोळ्यांदेखत कसा उभा राहिला? उत्तर आहे: नामांतराने. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा संघराज्याचा प्रतिबंधक कायदा रद्द केला, तेव्हा खेळांवरील पैजांना परवानगी द्यायची की नाही हा अधिकार घटकराज्यांकडे आला. बहुतेक राज्यांनी परवानगी देताना अटी घातल्या. बहुसंख्य ठिकाणी वयाची अट २१ वर्षांची आहे. न्यूयॉर्क राज्य तर पैजकंपन्यांच्या उत्पन्नावर शेकडा ५१ कर घेते. भाकितांच्या बाजारांनी ह्या सर्वांना वळसा घातला. आमचे करार म्हणजे पैज नव्हे, तर वायद्यांच्या जातीचे वित्तीय करार आहेत. सबब आमच्यावर अधिकार राज्यांचा नाही, वायदेबाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या संघराज्याच्या आयोगाचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद. परिणामी १८ वर्षांच्या मुलालाही दार उघडे झाले, आणि राज्यांचा पैजकर बुडाला.

२०१० च्या कायद्याने ह्या आयोगाला युद्ध, हत्या, दहशतवाद आणि जुगार ह्यांवरील करार लोकहितविरोधी ठरवून रोखण्याचा अधिकार दिला होता. आयोगाने तो निवडणुकीच्या बाबतीत वापरून पाहिला. २०२४ च्या सप्टेंबरात न्यायालयात कालशीची सरशी झाली, आणि २०२५ च्या मे महिन्यात आयोगाने आपले अपील स्वतःहून सोडून दिले. मधल्या काळात अमेरिकेत सत्तांतर झाले होते. नव्या अध्यक्षांचे चिरंजीव २०२५ च्या जानेवारीत कालशीचे सल्लागार झाले आणि ऑगस्टमध्ये पॉलीमार्केटच्या सल्लागार मंडळावरही गेले. आयोगाच्या अध्यक्षपदासाठी प्रथम ज्यांचे नाव सुचवले गेले, ते कालशीच्याच संचालक मंडळावर होते. पुढे ते नाव मागे घेतले गेले. कायद्याने पाच सदस्यांचा असलेला हा आयोग २०२५ च्या अखेरीस एकाच सदस्यावर चालत होता. कुंपणानेच शेत खावे, तर दाद कोणाकडे मागायची?

दाद राज्यांनी मागितली. नेवाडा, न्यू जर्सी, मेरीलँड आदी राज्यांनी २०२५ मध्ये ह्या कंपन्यांना मनाई बजावली आणि प्रकरणे न्यायालयांत गेली. नेवाडातील न्यायाधीशांनी एप्रिलात कंपनीला तात्पुरते संरक्षण दिले, आणि नोव्हेंबरात त्यांनीच ते काढून घेतले. मेरीलँडच्या न्यायालयाने ऑगस्टमध्ये संरक्षण नाकारले. ह्या वादाच्या मुळाशी एक साधी व्याख्या आहे. ज्या घटनेवर असा करार करायचा, तिच्याशी काही आर्थिक, वित्तीय वा व्यापारी परिणाम निगडित असला पाहिजे, असे संघराज्याचा कायदा सांगतो. समालोचकाने एखादा वाक्प्रचार वापरल्याने कोणता आर्थिक परिणाम घडतो? फक्त एक: त्यावर ज्यांनी पैज लावली, त्यांचे पैसे जातात किंवा येतात. पैजेमुळेच जो परिणाम उद्भवतो, त्याच्या आधारावर पैजेला वायद्याची प्रतिष्ठा देणे म्हणजे चोरीच्या मालावर चोराची मालकी सिद्ध करण्यासारखे आहे.

मराठी वाचकाला ह्या नामांतराची गंमत विशेष कळावी, कारण ह्याच नाट्याचा उलटा प्रयोग मुंबईने पाहिला आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात सकाळी उघडणारे आणि संध्याकाळी बंद होणारे भाव तारेने मुंबईच्या कापूसबाजारात येत, आणि त्या आकड्यांवर गिरणगावातले कामगार पैसे लावीत. १९६१ साली ते भाव येणे थांबले, तर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला आणि त्याचा ‘मटका’ झाला. म्हणजे कापसाच्या भावाशी त्या जुगाराला काही कर्तव्य नव्हते, हे एका दिवसात सिद्ध झाले. तेथे खऱ्या बाजाराचा आकडा उचलून जुगार खेळला गेला. येथे जुगाराचा आकडा उचलून त्याला बाजारभाव म्हटले जात आहे. फरक एवढाच की, मटकेवाल्याला आपण काय चालवतो हे ठाऊक होते आणि पोलिसांनाही. त्याने हायेक ह्यांचा हवाला दिला नाही.

भारतातही ‘मताचा व्यापार’ ह्या गोंडस नावाने क्रिकेट आणि इतर घटनांवर असेच होकार-नकाराचे सौदे ‘प्रोबो’सारख्या कंपन्या चालवीत होत्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि हे दुकान मिटले. बंदी योग्यच होती. परंतु बंदीने प्रश्न संपतो अशा भ्रमात राहणे घातक ठरेल. मटका कायद्याने कधीच मान्य नव्हता, तरी तो दशकानुदशके गिरण्यांच्या दारांत चालला. कमाई अनिश्चित, कर्ज डोक्यावर आणि कष्टाने वर येण्याची वाट बंद, अशा ठिकाणी आकड्याची आशा माणसाला खेचून नेते. अमेरिकेतल्या तरुणाला घराच्या किमती आणि शिक्षणाची कर्जे पाहून तीच वाट दिसत असेल, तर दोष एकट्या त्याचा नाही. जुगाराविरुद्धचा कायदा आणि जीवनाची शाश्वती ह्या दोन्ही गोष्टी बरोबरच मागितल्या पाहिजेत.

तूर्त अमेरिकेतील कामगार संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी निदान तीन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. ज्या घटनेचा निकाल एका माणसाच्या मुखातून किंवा हातातून लागतो, तिच्यावरील कोणताही करार बाजारात येऊ नये. नवा करार आणताना त्यातून कोणाची खरी जोखीम हलकी होते हे दाखवण्याचा भार कंपनीवर असावा. आज तो राज्यांवर लादला गेला आहे. आणि ज्यांच्या बोलण्यावर किंवा श्रमावर सौदे होतात, त्या समालोचकांना व खेळाडूंना त्यांच्या संमतीवाचून असा सौद्याचा विषय करता येणार नाही, असा हक्क कायद्याने मिळावा. ह्या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. १९५८ साली कांद्याच्या बाबतीत जेवढा विवेक अमेरिकी काँग्रेसने दाखवला, तेवढाच माणसाच्या शब्दाच्या बाबतीत तिने दाखवावा, एवढीच ही अपेक्षा आहे.